हातची वस्तू चारचौघांत मांडताना

सामूहिक हस्तकला कार्यशाळा दोन तऱ्हेची असते. पहिलीत एक जण शिकवतो आणि बाकीचे शिकतात. दुसरीत प्रत्येक जण घरी केलेली एखादी वस्तू घेऊन येतो, ती कशी केली ते सांगतो, दुसऱ्याची हाताळून पाहतो आणि त्यातले काही शिकून जातो. दुसरी तऱ्हा सोपी वाटते, कारण तिला ना तज्ज्ञ बोलवावा लागतो ना मोठा खर्च येतो. प्रत्यक्षात तीच जास्त वेळा फसते. वस्तू टेबलावर ओळीने लागतात, पाहुणे फीत कापतात, सगळ्या एकमेकींना "छान झालंय" म्हणतात, फोटो निघतात आणि नवे काही कोणालाच येत नाही. ते प्रदर्शन झाले. कार्यशाळेत वाटून घ्यायची असते ती कृती. काय आणायचे, कसे बसायचे, काय विचारायचे आणि मागे काय ठेवायचे, हे सगळे या फरकावरून ठरते.

पांढुर्णा आणि सौसर हा पट्टा या कामाला सोयीचा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौसर वेगळे निघून पांढुर्णा जिल्हा झाला. घरची बोली मराठी, तहसिलीतली हिंदी आणि मोठ्या खरेदीला नागपूर, असा इथला व्यवहार. शेतात कपाशी आणि संत्री. हस्तकलाही याच मातीतल्या: जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि वाकळी, कापसाच्या फुलवाती आणि वस्त्रमाळा, पोळ्यासाठी बैलांच्या झुली, बाशिंगे आणि मटाट्या, पोरांसाठी लाकडी बैल, बांबूची सुपे आणि टोपल्या, पळसाच्या पत्रावळी, दारावरची मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल. सौसर आणि लोधीखेड्याकडे हातमागाचे कापड आहे. यातले बरेचसे करणाऱ्यांना आपण कलाकार आहोत असे वाटतच नाही. 'घरचं काम' म्हणून ते होते, आणि म्हणूनच कार्यशाळेचे बोलावणे आले की पहिले उत्तर येते, "मला काही येत नाही." संयोजकाने हे उत्तर खरे मानू नये. घरात पाय ठेवल्यावर अंथरुणाची घडी, देवघरातली वात आणि दारावरचे तोरण पाहिले की कोणाला काय येते ते कळते. बोलावणे द्यायला त्यामुळे घरी जावे. मोबाईलवर पाठवलेल्या निमंत्रणावर ज्या येतात त्या नेहमीच्याच असतात.

दिवस ठरवताना पंचांग आणि शेत दोन्ही पाहावे लागतात. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी आणि आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू असते. मजुरी मिळण्याचे ते दिवस. त्या काळात दुपारची कार्यशाळा ठेवली तर ज्यांच्या हातात खरी कला आहे त्याच बाया शेतात असतात आणि सतरंजीवर केवळ गावातली मोकळी मंडळी उरते. श्रावण बरा. निंदण आटोक्यात आलेले असते, पोळा तोंडावर असतो आणि प्रत्येक घरात बैलाच्या साजाचे काहीतरी चाललेले असते. ७ ऑगस्टचा राष्ट्रीय हातमाग दिनही याच सुमारास येतो. तो २०१५ पासून पाळला जातो आणि ७ ऑगस्ट १९०५ ला कलकत्त्यात झालेल्या स्वदेशीच्या घोषणेची आठवण म्हणून ती तारीख निवडली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पांढुर्ण्यात काहीही ठेवू नये. त्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार, म्हणजे पारंपरिक दगडफेक, असते आणि सगळे गाव तिकडेच असते. पोळ्याच्या दोन-तीन आठवडे आधी बसले, तर कार्यशाळेत शिकलेली झूल त्याच वर्षी बैलाच्या पाठीवर पडते. शिकलेले लगेच वापरात आले की ते टिकते.

दुसरा चांगला काळ संक्रांतीनंतरचा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला घरोघरी जाणे होतेच आणि वाण लुटायचे असते. वाणासाठी स्टीलची वाटी किंवा प्लॅस्टिकची डबी विकत आणण्याऐवजी हाताने केलेले वाण द्यायचे ठरले, तर पौषातल्या एका कार्यशाळेत वीस जणी मिळून वीस प्रकार पाहू शकतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत जिथे भुलाबाई बसते तिथे मुली आणि बाया रोज संध्याकाळी जमतात. नवा मेळावा भरवण्यापेक्षा अशा जमलेल्या बैठकीला जोडून एक तास मागून घेणे शहाणपणाचे.

आता मुख्य गोष्ट, सोबत काय आणायचे. तयार वस्तू तर हवीच, पण तिच्याबरोबर त्याच वस्तूचा अर्धवट नमुना, वापरलेली हत्यारे आणि बिघडलेला एखादा तुकडा हवा. तयार वस्तू बोट ठेवायला जागा देत नाही. सगळे टाके आत गेलेले, गाठी लपलेल्या, कडा दुमडलेल्या. शिकणाऱ्याला जे हवे ते नेमके झाकलेले असते. वस्तू मांडताना ती उलटी करून ठेवावी, निदान एक कोपरा तरी उलटा दिसेल अशी ठेवावी. भरतकाम, क्रोशा, झूल, टोपली, कशालाही हे लागू आहे. उलट्या बाजूला दोरा कुठून कुठे गेला, नवा दोरा कुठे जोडला, गाठ मारली की टाक्यात दडवली, हे सगळे दिसते. बिघडलेला तुकडा आणायला बहुतेकांना लाज वाटते. संयोजकाने आपला बिघडलेला आधी मांडावा, मग बाकीच्यांच्या पिशव्या उघडतात.

गोधडीचे उदाहरण घेतले तर हे स्पष्ट होते. चार पदरांची पूर्ण गोधडी मांडीवर पसरली की पाहणारीला रंग दिसतात. पण अडचण येते ती रंगात येत नाही, पदर सरकण्यात येते. खाली जुने लुगडे अंथरायचे, त्यावर आतले भरणीचे कापड आणि वरून ठिगळांचा पदर. हे सगळे थर जमिनीवर ताणून, हाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढत बसवावे लागतात. मग वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. ही पायरी टाळली तर शिवता शिवता खालचा पदर एका बाजूला गोळा होतो, आणि ते कळते तेव्हा अर्धे काम झालेले असते. कच्चे टाके घातल्यावर कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनाच्या आत चौकोन करत मध्याकडे यायचे. दोन ओळींत एक बोट अंतर. सुई एका वेळी कापडातून तीन-चारदा खालीवर करून मगच ओढायची, म्हणजे ओळ सरळ राहते आणि हातही दमत नाही. दोऱ्याला मेण ओढून घेतले तर तो गुंतत नाही. ओळ कोपऱ्यावर वळते तिथे कापड ओढले जाऊ नये म्हणून एक टाका जागेवरच घालतात. हे कोपऱ्यावरचे वळण सांगून कळत नाही, पाहावेच लागते.

हे दाखवायला पूर्ण गोधडी नको. हातभर लांबीरुंदीचा तुकडा घ्यावा. त्याच्या एका चतुर्थांशात थर सुटे, दुसऱ्यात कच्चे टाके, तिसऱ्यात धावदोरा चालू आणि सुई तशीच अडकवलेली, चौथा पूर्ण. असा एक तुकडा तासाभराच्या भाषणाचे काम करतो. धुऊन मऊ झालेले सुती कापड आत चालते, नवे खळीचे किंवा टेरिकॉट टाकले तर सुई जड जाते, हेही त्याच तुकड्यावर बोट लावून कळते. धावदोरा हा जगभरच्या गरीब घरांचा टाका. बंगालच्या कांथ्यात तोच आहे, जपानच्या साशिकोतही तोच. त्यामुळे कोणी मोबाईलवर तिकडचे नमुने दाखवले तर ते इथल्या हाताला परके जाणार नाहीत. आपल्या वाकळीची ओळ आधी सरळ यावी, एवढेच.

फुलवात आणि वस्त्रमाळ यांची गोष्ट उलटी. वस्तू इतकी लहान की ती कोणी कार्यशाळेत आणावी असे वाटतच नाही, आणि करणारीचा हात इतका जलद की पाहणारीला काही दिसत नाही. इथे मुद्दाम सावकाश करून दाखवावे लागते. सरकी काढलेला, हाताने पिंजून मोकळा केलेला कापूस घ्यायचा. बोटांच्या चिमटीला किंचित दूध किंवा राख लावायची, म्हणजे तंतू घसरत नाहीत. मधला भाग पीळ देऊन वर काढायचा आणि खालचा पसरट ठेवायचा. बसकण पसरली तरच वात निरांजनात उभी राहते. वस्त्रमाळेत अंतर सारखे येणे ही खरी कसोटी. कापसाचा पेळू एकाच जाडीचा ओढला गेला तर मणी आपोआप सारखे पडतात, त्यामुळे चूक मण्यात न शोधता पेळूत शोधावी. सौसरच्या आसपास कापूस घरचाच असतो, तरी सरकी हाताने काढलेला आणि गाठीतला यांतला फरक दोन वाट्यांत वेगवेगळा ठेवून बोटाने पाहू द्यावा. एक व्यवहाराची सूचना अशी की दूध लावलेल्या वाती पूर्ण वाळल्याशिवाय डबीत भरू नयेत, नाहीतर वास येतो.

लाकडी बैल हे सुताराचे काम असले तरी साज घरचा असतो. विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात पोळ्यानंतर तान्हा पोळा होतो. पोरे चाकांवरचे लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळात, १८०६ मध्ये सुरू झाली असे सांगतात. कार्यशाळेत बैल आणताना सुताराने एक रंगवलेला, एक नुसता घासलेला आणि एक ठोकळ्यावर पेन्सिलीने आखलेला, असे तीन आणावेत. पाहणाऱ्यांपैकी कोणी घरी बैल कोरायला बसेल अशी अपेक्षा नाही. पण शिंगे वेगळ्या तुकड्याची करून खुंटीने बसवली आहेत की अंगाच्याच लाकडातून काढली आहेत, लाकडाची शीर पायातून उभी जाते की आडवी, यावर बैल किती वर्षे टिकणार ते ठरते. शीर आडवी गेली की पाय पहिल्याच पोळ्यात मोडतो. हे एकदा कळले की घेणारा पारखून घेतो आणि चांगल्या सुताराला चांगला भाव मिळतो. झूल शिवणारीलाही बैल समोर ठेवूनच माप घेता येते. वशिंडाची जागा सोडून झूल कापायची असते हे कागदावरच्या नमुन्यात हटकून विसरले जाते.

रंगाबद्दल इथेच सांगणे योग्य. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. सुट्या डब्यातला, नाव-गाव नसलेला रंग मुलांच्या खेळण्याला लावू नये. बैल तोंडात जातोच. विकायचा असेल तर आणखी एक बाब आहे. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, मात्र केंद्राच्या विकास आयुक्त हस्तशिल्प कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः करून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे पोळ्याच्या बाजारात बैल विकणाऱ्या सुताराला कारागिराचे ओळखपत्र काढून ठेवणे फायद्याचे. कार्यशाळेत त्याचा अर्ज भरून घ्यायला कोणी लिहिणारा बसवला, तर ती दुपार सत्कारणी लागते.

हातमाग कार्यशाळेत आणता येत नाही आणि आणूही नये. खड्ड्याचा माग घराच्या जमिनीत बसलेला असतो. विणकराला धोटा आणि फणी पिशवीत घालून बोलवायचे आणि त्याच्याकडून भाषण करून घ्यायचे, हा त्याचा वेळ खाण्याचा प्रकार. त्याऐवजी पाच-सहा जणांच्या तुकड्या करून त्याच्या घरी जावे, आधी विचारून आणि त्याच्या कामाच्या वेळेत. ताणा चढवलेला असताना गेले तर सगळ्यात जास्त कळते. बहुतेक घरांत बाणा भरायच्या कांड्या बाया भरतात. त्या कामाकडे पाहुण्यांचे लक्ष जात नाही, म्हणून तिथे मुद्दाम थांबावे, कारण कांडी सैल भरली तर धोटा अडखळतो आणि दोष कापडात उतरतो. परत निघताना प्रत्येकीला एक गोष्ट दाखवून द्यावी. विणताना कापड रुंदीत ताणून धरायला एक पट्टी लावतात, तिच्या टोकांच्या टाचण्यांची बारीक भोके हातमागाच्या कापडाच्या दोन्ही काठांशी दिसतात. यंत्रमागाचे कापड 'हातमाग' म्हणून गळ्यात मारले जाते तेव्हा ही भोके आणि २००६ पासून मिळणारे हातमाग चिन्ह, दोन्ही पाहावे.

बैठक जमिनीवर असावी. समाजमंदिर, शाळेची पडवी, देवळाचा सभामंडप, काहीही चालते, फक्त उजेड बाजूने यायला हवा. छताच्या एका दिव्याखाली बारीक टाका दिसत नाही. सतरंजीवर पांढरी चादर, त्यावर वस्तू, भोवती माणसे. हात लावायला मोकळीक हवी आणि म्हणून दारातच पाण्याची बादली आणि टॉवेल हवा. चहा शेवटी. संत्र्याच्या हंगामात तर प्रत्येकीच्या पिशवीत संत्री निघतातच आणि सालीचा रस पांढऱ्या सुतावर बसला की जात नाही. फळे दाराबाहेर ठेवायचा नियम कडक वाटला तरी पाळावा.

वीस वस्तू असतील आणि प्रत्येकीला पाच मिनिटे दिली तरी शंभर मिनिटे होतात, आणि आठव्या वस्तूनंतर मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात. पाच-पाच जणींची चार वर्तुळे करावीत. प्रत्येकीला आठ मिनिटे दिली की चाळीस मिनिटांत सगळ्यांचे सांगून होते. एका वर्तुळात एकाच प्रकारच्या वस्तू नसाव्यात, नाहीतर चार गोधडीवाल्या एकमेकींच्या ओळी मोजत बसतात. क्रोशावाली, बुरूडकाम करणारी, झूल शिवणारी आणि फुलवाती करणारी शेजारी बसल्या की गाठ, ताण, कड, सांधा हे सगळ्यांचे समान प्रश्न वर येतात. शेवटी प्रत्येक वर्तुळाने एकच वस्तू सगळ्यांसमोर आणावी. ती सर्वांत सुंदर असलीच पाहिजे असे नाही, तिच्यातली एखादी युक्ती बाकीच्यांच्या कामी येणारी असावी. बक्षीस ठेवू नये. बक्षीस ठेवले की बिघडलेला तुकडा पिशवीतच राहतो.

बोलण्याचीही थोडी शिस्त लागते. "किती सुंदर" म्हणणे हा आपल्याकडे शिष्टाचार आहे आणि तो मोडायची गरज नाही, पण त्यावर बोलणे थांबू नये. कौतुकानंतर एक प्रश्न यावा: "काकू, इथं दोरा संपला तेव्हा नवा कसा जोडलात?" किंवा "कुठं अडलात?" किंवा "परत करायला घेतली तर काय बदलाल?" दोष दाखवायचा तर करणारीने विचारल्यावरच, आणि तोही वस्तूवर बोट ठेवून. वयाने मोठ्या बाईला धाकटीने शिकवावे अशी वेळ क्रोशाच्या नव्या नमुन्यांत येते. तिथे "आजी, अशी सुई धरा" यापेक्षा आजींच्या हातात सुई देऊन आपण शेजारी तेच करत बसणे बरे. ज्यांना बोलायला संकोच होतो त्यांना बोलते करण्याचा हट्ट नको. त्यांनी काम चालू ठेवावे, शेजारच्या मुलीने काय चालले आहे ते मोठ्याने सांगत जावे. कारागिरांपैकी पुष्कळ जण हाताने सांगतात आणि ते तोंडाने सांगण्यापेक्षा अचूक असते.

जी बुरूड समाजाची माणसे टोपल्या, सुपे पिढ्यान्‌पिढ्या करत आली, त्यांना 'सहभागी' म्हणून बोलावून त्यांच्याकडून फुकट शिकवून घेणे बरे नव्हे. हौसेने तोरण करणारी आणि टोपलीवर घर चालवणारा, यांची दुपार सारखी नसते. जो रोजगार बुडवून येतो त्याला दिवसाची मजुरी आणि आणलेल्या मालाचे पैसे द्यावेत, ते आधी ठरवावे आणि त्याच दिवशी हातात द्यावेत. वर्गणीतून हे जमत नसेल तर कार्यशाळा छोटी करावी.

प्रत्येक वस्तूसोबत एक चिठ्ठी ठेवली की पुढचे काम सोपे होते. वस्तू काय, कशापासून केली, साधारण किती वेळ लागला, आणि कोणाकडून शिकली. शेवटचे वाटते त्यापेक्षा महत्त्वाचे आहे. पारंपरिक नमुना कोणा एकाचा नसतो, तो उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. पण 'हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले' एवढे लिहिले की शिकवणारीचे नाव वस्तूबरोबर चालत राहते. एखादीने स्वतःच्या डोक्याने नवा नमुना काढला असेल आणि तो विकून तिला चार पैसे मिळत असतील, तर तो वाटायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे. "सगळ्यांसाठी आहे" म्हणून दबाव आणणे योग्य नाही. फोटो काढतानाही हेच. हात आणि वस्तू यांचे फोटो कामाचे, चेहऱ्यांचे विचारून. पाहिलेला टाका मोबाईलमध्ये घ्यायचा तर तो करणारीच्या खांद्यामागून घ्यावा, समोरून घेतला तर डावे-उजवे उलटते आणि घरी बसून करताना गोंधळ होतो.

किंमत हा विषय कार्यशाळेत निघतोच आणि तो टाळू नये. हिशेब सरळ आहे. समजा एका तोरणाला १४० रुपयांचे सामान लागले, ३० रुपये जाण्यायेण्याला आणि कागद-पिशवीला गेले आणि सहा तास काम झाले. तासाला ५० रुपये धरले तर ३०० रुपये मजुरी, म्हणजे तोरण ४७० रुपयांचे. ते २५० ला दिले तर खर्च वजा जाता ८० रुपये उरतात, म्हणजे तासाला जेमतेम तेरा रुपये. बचत गटाच्या स्टॉलवर बहुतेक वस्तू याच भावाने जातात, कारण करणारी स्वतःचे तास मोजतच नाही. चिठ्ठीवर वेळ लिहायला सांगण्याचे हेही एक कारण. भाव कमी करायचा असेल तर तो कमी वेळात होणारा नमुना काढून करावा, मजुरी खाऊन करू नये.

सरकारी मदतीची माहिती द्यायची असेल तर नेमकी द्यावी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत सुतार, कुंभार, शिंपी, टोपली-चटई-झाडू करणारे आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. विणकर त्या यादीत नाहीत, त्यांच्यासाठी हातमागाच्या वेगळ्या योजना आहेत. राज्याच्या हस्तशिल्प आणि हातमाग महामंडळाची 'मृगनयनी' ही विक्रीकेंद्रेही आहेत. तिथे माल नेण्याआधी सारख्या मापाचे आणि सारख्या दर्जाचे नग देता येतील का, ते आपापसांत पाहावे. कार्यशाळेत भेटलेल्या चौघी एकाच मापाची झूल करू लागल्या तर ते जमते.

ज्यांना एखादी चांगली मांडणी डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी वर्ध्याचे मगन संग्रहालय पाहावे. ग्रामोद्योगांच्या कामासाठी १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींच्या हस्ते या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. चरखे, अवजारे आणि ग्रामोद्योगाच्या वस्तू तिथे एकत्र आहेत. वस्तूशेजारी तिचे हत्यार ठेवण्याची रीत तिथून उचलण्यासारखी आहे. दुसरी एक कल्पना दूरची आहे, पण इथे सहज बसते. २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये मार्टिन पोस्टमा यांनी दुरुस्तीच्या सामूहिक बैठका सुरू केल्या: लोक मोडक्या वस्तू आणतात आणि येणाऱ्यांसोबत बसून त्या नीट करतात. पांढुर्ण्याच्या कार्यशाळेत शेवटचा अर्धा तास फाटक्या वाकळी, उसवलेल्या झुली आणि तळ गेलेल्या टोपल्या यांना दिला तर नवी वस्तू करायला ज्यांना सवड नाही अशाही बाया येतील. दुरुस्तीत उलटी बाजू आपोआप उघडी पडते, त्यामुळे शिकणेही जास्त होते.

उठण्याआधी तीन कामे उरतात. कात्र्या, सुया आणि दाभणे सुरुवातीला मोजलेली असावीत आणि आता परत मोजून घ्यावीत, सतरंजी झटकावी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच जागी अंगणवाडीची पोरे बसणार असतात. उरलेल्या चिंध्या, दोरे आणि कापूस यांची छोटी पुडकी करून ज्यांच्याकडे सामान नाही त्यांना द्यावीत, म्हणजे पाहिलेले घरी करून बघता येते. सगळ्या चिठ्ठ्या आणि दोन-तीन नमुन्यांचे तुकडे एका जाड वहीत टाचून ती वही गावात जिथे कोणीही मागून पाहू शकेल अशा ठिकाणी ठेवावी: वाचनालय असेल तर तिथे, नाहीतर शाळेत किंवा बचत गटाच्या अध्यक्षांकडे. पुढच्या बैठकीची तारीख तिच्या शेवटच्या पानावर लिहावी आणि कोणत्या वर्तुळातला कोणता प्रश्न सुटायचा राहिला तेही खाली नोंदवावे.